अर्ध्या तासानंतरचा राक्षस

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर माझं नाव छापून आलं होतं. वर सहीपुरती मोकळी जागा. सोमवारी सकाळी अकरा वाजता शहाभाई समोर बसले होते आणि मी पेन उचलत नव्हते.

"मॅडम, काय प्रॉब्लेम?" त्यांनी विचारलं.

"एक टेस्ट परत करावी लागेल."

"शुक्रवारी तर सगळं पास होतं."

ते बरोबर होतं. शुक्रवारी सगळं पासच होतं.

मी अंधेरी एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. बाजारात येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक वस्तू आमच्याकडे येतात. कंपनीने बॉक्सवर जे लिहिलंय ते वस्तू खरंच करते का, हे आम्ही तपासतो. सात वर्षं मी टेस्ट करत होते आणि सही नाईक सर करत होते. त्या महिन्यात सरांनी मला सहीचा अधिकार दिला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा शिंपी, आईने चौथीत शाळा सोडली. त्यामुळे घरी ही सही म्हणजे मोठं प्रकरण झालं होतं. आईने शेजारी पेढे वाटले. कशाचे, ते तिला नीट सांगता आलं नाही, पण वाटले.

पहिलाच रिपोर्ट शहाभाईंच्या प्लेअरचा होता; ते तो सप्लायरकडून मागवून दुकानांना विकणार होते. हातात मावेल एवढं यंत्र, चार इंची स्क्रीन, गाणी आणि व्हिडिओ दोन्ही वाजवणारं. नेट नाही, कॉल नाही, जाहिराती नाहीत. मेमरी कार्ड घालायचं आणि लावायचं. आजच्या काळात हे कोण घेणार, असं मलाही वाटलं होतं. शहाभाई म्हणाले, "सीनियर सिटिझन. त्यांना फोनची भीती वाटते. कुठे बोट लागलं तर पैसे जातील म्हणून." बॉक्सवर आरामखुर्चीत बसलेल्या एका आजोबांचा फोटो होता. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले.

चार सॅम्पल आली. बॅटरी संपेपर्यंत व्हिडिओ चालवला. कंबरेएवढ्या उंचीवरून पाडून पाहिलं. चार्ज होताना किती तापतं ते मोजलं. आवाज फाटतो का, वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं घेतो का, सगळं पाहिलं. 'रिझ्युम' पाहिलं. म्हणजे मध्येच बंद केलं, तर पुन्हा लावल्यावर तिथूनच पुढे सुरू होतं का. वीस वेळा बंद केलं, वीस वेळा तिथूनच सुरू झालं. पास.

शेवटी एक होम ट्रायल होती. कोणा वयस्कर माणसाने आठवडाभर घरी वापरायचं आणि फॉर्म भरून द्यायचा. लॅबमधल्या बाकीच्यांचे आईवडील गावाला. माझे इथेच मुंबईत, असल्फ्याला, घरातच. नाईक सर म्हणाले, "ने घरी. वडिलांना दे."

बाबांनी प्लेअर शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवला. दुकान त्यांनी सोडलंय, पण घरी अल्टरची कामं करतात. शाळेचे गणवेश, पँटची उंची, असलं. खालच्या मोबाइलवाल्याने त्यांना कार्डात दशावतारी नाटक भरून दिलं. तीन तासांचं, एकाच फाइलमध्ये. हात चालू, कान नाटकात, राजा आला की मान वर.

गुरुवारी त्यांनी फॉर्म दिला. आवाज: उत्तम. स्क्रीन: उत्तम. बटणं: उत्तम. वापरायला सोपं: उत्तम. मी फाइलला लावला.

रविवारी सकाळी मी चहा घेत बसले होते. बाबा मशीनवर. नाटकाची सुरुवात चालली होती, तीच जी मी गुरुवारी ऐकली होती. बुधवारीही.

"बाबा, दुसरं नाटक नाही का भरलं?"

"ह्याच संपूचा आसा," बाबा त्यांच्या मालवणीत म्हणाले. "राजा येता, दरबारात बसता, नि प्लेअर गप होता. परत लावलंय की परत पयल्यापासून. राकस काय अजून येवक नाय."

मी कप खाली ठेवला.

"किती दिवस असं होतंय?"

"पयल्या दिसापासून. माका वाटला, हल्ली यंत्रां तेवडीच चलतत."

"मग फॉर्मात उत्तम कशाला लिहिलंत?"

बाबांनी तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "तुझी परीक्षा ना ती? मग मार्क कित्याक कापू?"

आई आतून म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर मी कापले असते."

मी प्लेअर हातात घेतला. नाटक लावलं, घड्याळ लावलं आणि कुठलंही बटण न दाबता समोर बसून राहिले. बरोबर तीस मिनिटांनी स्क्रीन काळी झाली. पुन्हा चालू केलं. पुन्हा गणपतीच्या नमनापासून सुरुवात.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की चूक माझी आहे.

अशा यंत्रात 'ऑटो-ऑफ' नावाची सोय असते. बराच वेळ कोणी बटण दाबलं नाही, तर बॅटरी वाचावी म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. लॅबमध्ये सॅम्पल आलं की पहिलं काम म्हणजे ही सोय बंद करायची. नाहीतर बॅटरी टेस्ट अर्ध्या तासात थांबते. हे आम्ही इतक्या सवयीने करतो की हात आपोआप तिकडे जातो. बाकीच्या वेळी आम्ही सतत बटणंच दाबत असतो. त्यामुळे ऑटो-ऑफ आम्हाला कधी दिसतच नाही. घरी दिलेलं सॅम्पल मात्र नियमाप्रमाणे जसं आलं तसंच होतं.

सोमवारी लवकर जाऊन लॅबमधल्या तिन्ही सॅम्पलचं ऑटो-ऑफ पुन्हा चालू केलं, ती टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसले. तिन्ही अर्ध्या तासाने झोपली. नाटक कुठे थांबलं ते तिन्ही विसरली.

नाईक सरांना सांगितलं.

"बॉक्सवरच्या स्पेकमध्ये ऑटो-ऑफ आहे?"

"आहे."

"रिझ्युम आहे?"

"आहे."

"दोन्ही चालतात?"

"एकेकटं चालतं, सर. एकत्र नाही. आपण बटणाने बंद केलं तर जागा लक्षात ठेवतं. स्वतः बंद झालं तर विसरतं."

"शुक्रवारी हे मला का नाही सांगितलंस?"

"शुक्रवारी मला माहीत नव्हतं."

"सही तुझी आहे. तू ठरव," म्हणाले आणि फोन उचलला. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

तर, शहाभाई. ते वाईट माणूस नाहीत. पण माल गोडाऊनला येऊन पडला होता आणि दुकानदारांना रिपोर्ट दाखवल्याशिवाय ते माल उचलणार नव्हते. मी त्यांना काय होतंय ते सगळं सांगितलं.

"मॅडम, अर्ध्या तासात एक बटण दाबायला काय जातं?"

"माझ्या वडिलांच्या दोन्ही हातांत कापड असतं."

"तुमचे वडील म्हणजे सगळे कस्टमर झाले काय?"

मी टेबलावरचा बॉक्स त्यांच्याकडे फिरवला. "हे आजोबा तुम्हीच छापलेत ना? डोळे मिटून ऐकतायत. हे अर्ध्या तासाने बटण दाबतील?"

शहाभाईंनी फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग नाईक सरांच्या केबिनकडे. सर काचेतून आमच्याकडेच पाहत होते, पण उठले नाहीत.

"माझी मम्मी प्रवचन ऐकते याच्यावर," शहाभाई हळूच म्हणाले. "दोन तासांचं. रोज म्हणते, महाराज तेच तेच बोलतात."

मी हसले नाही. त्यांनीच हसायला सुरुवात केली, मग मीही हसले. त्यांनी तिथेच बसून सप्लायरला फोन लावला.

दहाबारा दिवसांनी फर्मवेअर आलं. म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, सुधारलेलं. कार्डावरून टाकता येण्यासारखं होतं, त्यामुळे शहाभाईंची माणसं गोडाऊनमध्ये बसून एकेक बॉक्स उघडत राहिली. मी पुन्हा चारही सॅम्पल टेबलावर ठेवली आणि काहीही न करता बसले. इतकं काम मी त्या दिवसाआधी कधी केलं नव्हतं. चारही झोपली, चारही जिथे झोपली तिथूनच उठली. मी सही केली. जरा वाकडी आली.

त्यानंतर आमच्या चेकलिस्टवर एक ओळ वाढली: लॅबमधलंही एक सॅम्पल जसं येईल तसं ठेवा, हात लावू नका. दुसरी ओळ मी माझ्यापुरती लक्षात ठेवलीय. घरच्या माणसाला फॉर्म देताना आधी सांगायचं, की मार्क यंत्राला आहेत, मला नाहीत.

सही करण्याआधी सुधारलेला प्लेअर पुन्हा घरी नेऊन बाबांकडून नवा फॉर्म भरून घेतला होता. बटणं: बारीक. स्क्रीन: उन्हात दिसत नाही. दोन्ही शेरे रिपोर्टात गेले. शेवटी 'इतर काही' म्हणून जागा होती. तिथे बाबांनी शिंप्याच्या खडूने लिहावं तसं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं:

राकस इलो. बरो आसा.