बयूमीचा उजवा पाय

बयूमीच्या पायाला काहीतरी झालंय हे बयूमीच्या आधी त्याच्या चपलेला कळलं. हिल्मिय्या मोहल्ल्यातल्या आमच्या चहाच्या दुकानासमोरून तो नेहमीसारखा सायकलवरून गेला, डोक्यावर रोट्यांची जाळी, एक हात जाळीला, एक हात सायकलला. तो पुढे गेला आणि त्याच्या उजव्या पायातली चप्पल रस्त्यात उरली. कोणी हाक मारली नाही. डोक्यावर गल्लीचं जेवण घेऊन चाललेल्या माणसाला मागून हाक मारू नये, एवढी सभ्यता आमच्याकडे आहे. चप्पल उचलून एका खुर्चीवर ठेवली. बऱ्याच वेळाने तो परत आला, चहा मागवला, आणि खुर्चीकडे बघून म्हणाला, "ही कुणाची रे?"

"ज्याच्या पायात नाही त्याची," फिक्री म्हणाला.

बयूमीने आधी बाकीच्यांचे पाय पाहिले. स्वतःचा पाय त्याने सर्वांत शेवटी पाहिला.

हा फिक्री म्हणजे इस्त्रीवाला, आणि तोही जुन्या घराण्याचा, म्हणजे पायाने इस्त्री करणारा. लांब दांड्याची मणभर इस्त्री जमिनीलगतच्या फळीवर पायाने फिरवायची, दांडा हातात, तोंडात सिगारेट. तो आणि बयूमी एकाच शाळेतून एकाच दिवशी पळून गेले होते. त्यामुळे एकमेकांच्या पायांबद्दल बोलायचा त्यांना अधिकार होता.

"बयूम्या, तुझा पाय मेला," फिक्री म्हणाला. "पुरून टाक. उरलेल्याचं मागाहून बघू."

"झोपलाय नुसता."

"चालत्या सायकलवर? तुझा पाय सरकारी नोकरीत होता की काय?"

बयूमीचं काम सांगायला सोपं आणि करायला अशक्य. हाजी शिर्बीनीच्या भट्टीतून निघालेल्या गरम रोट्या खजुराच्या फांद्यांच्या लांबलचक जाळीवर पसरायच्या, ती जाळी डोक्यावर घ्यायची, आणि गाड्या, हातगाड्या, मांजरं आणि लग्नाच्या वराती यांच्यामधून सायकल काढत फूलवाल्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या उसळवाल्यांच्या, गाड्यांपर्यंत, खाणावळींपर्यंत पोचवायच्या. वयाची पन्नाशी केव्हाच उलटलेली. तीसेक वर्षांत त्याची मान एकदाही वाकली नव्हती. सज्जात उभ्या राहणाऱ्या बायका म्हणत, हा माणूस गर्विष्ठ दिसतो. तो गर्विष्ठ होताच, पण मानेचं कारण वेगळं होतं.

आता जाळी डोक्यावर असली की खाली बघता येत नाही. आणि या सायकलींच्या साखळीला झाकण नसतं, असलं तर पहिल्याच आठवड्यात निखळून पडतं. विजारीची उजवी पायघोळ साखळीत अडकली की माणूस, रोट्या आणि अब्रू एकाच जागी सांडतात. म्हणून रोट्या वाहणारे सगळे उजवी पायघोळ वर गुंडाळतात आणि गुडघ्याच्या खाली रबराच्या पट्टीने आवळतात. पट्टी जुन्या ट्यूबची कापलेली. चपला काढून ठेवाव्यात तशी ती घरी गेल्यावर काढायची. बयूमीला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं की पट्टी घट्ट तर पाय घट्ट. धंद्यात सगळे हे मानतात. पायात जोर येतो म्हणे. उस्ताद स्वतः शेवटची दहा वर्षं पाय आपटत चालायचा, पण ते वयामुळे, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

तर बयूमीचा पाय. पायाच्या वरच्या बाजूला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही कंटाळून गेल्या. पंजा वर उचलेना. चालताना फटक असा आवाज यायचा, जणू कोणी ओलं फडकं फरशीवर टाकतंय. पेडलवरून पाय कधी घसरला ते समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळायचं.

गल्लीने निदान सुरू केलं. समोरच्या इमारतीचा पहारेकरी म्हणाला मूत्रपिंड. फूलवाला म्हणाला थंड पाण्याने पाय धुतलेस म्हणून. शेजारणी म्हणाल्या नजर, आणि प्रत्येकीने दुसरीचं नाव घेतलं. औषधाच्या दुकानदाराने लाल रंगाचं जीवनसत्त्वाचं इंजेक्शन टोचलं. तो सर्दी, नैराश्य आणि परीक्षेतलं अपयश यांवरही तेच टोचतो. एका डॉक्टरांनी तळपाय पाहिला, पाठीचा फोटो काढायला सांगितला, फोटो बघून म्हणाले की पाठ उत्तम आहे. बयूमीला फार बरं वाटलं. पाठीबद्दल.

घरी बायकोने, नगातने, धुपाटणं फिरवलं, तिळाचं तेल चोळलं, आणि रोज विचारलं, "आता कळतंय का काही?"

"कळतंय."

"काय करतेय मी?"

"चोळतेयस."

"उशी चोळतेय, अबू सबरी. पाय तुझा तिकडे आहे." ती त्याला मुलाच्या नावाने, सबरीचा बाप म्हणून, हाक मारायची.

स्वतः बयूमीने एकच उपाय केला. पायातला जोर कमी झाला, म्हणून पट्टी जास्त आवळली. हिवाळ्यात जुनी पट्टी तुटली तेव्हा त्याने मोटरसायकलच्या जाड ट्यूबची नवी कापून घेतली होती. तिला तो आता एक वेढा अधिक द्यायला लागला. पाय आणखी ढिला पडला. मग आणखी एक वेढा.

हाजी शिर्बीनीने याच सुमारास एक मोटारीची तीनचाकी आणली. तिला पुढे निळे दिवे होते, मागे रोट्यांसाठी पत्र्याची पेटी होती आणि चालवायला हाजींचा भाचा होता.

"बयूमी, तू माझ्या भावासारखा," हाजी म्हणाला. हे वाक्य ऐकलं की आमच्याकडे माणसं खिसा धरतात. "तू आता आत खिडकीशी बस. लोकांना रोट्या मोजून दे. सावली आहे, पंखा आहे."

"मी खिडकीत बसू? खुराड्यातल्या कबुतरासारखा?"

"कबुतर तरी उडतं. रमजानचा चंद्र दिसेपर्यंत सायकल तुझी. तोवर एक जरी जाळी पडली, तर खिडकी. आणि चंद्र दिसल्यावर पहिल्या इफ्तारच्या रोट्या तू वेळेत पोचवल्यास तर मी पुन्हा बोलणार नाही."

रजब महिना नुकता लागला होता. म्हणजे रमजानला दोन महिने. बयूमीने दाढीवर हात फिरवून कबूल केलं आणि फटक, फटक करत बाहेर पडला.

तो पडला तो आमच्यासमोरच. गतिरोधकावर पाय घसरला, सायकल आडवी झाली, बयूमी दोन्ही गुडघ्यांवर आदळला. पण मान तिथेच राहिली. गुडघे फुटलेले, एक कोपर रक्ताळलेलं, आणि जाळी डोक्यावर अशी की वरच्या रोट्यांची वाफसुद्धा विस्कटली नाही. चहाचं दुकान उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. हाजी धावत आला.

"पडलास!"

"जाळी पडली का, हाजी?" बयूमी गुडघ्यांवरूनच म्हणाला.

यावर संध्याकाळपर्यंत वाद चालला. अट जाळी पडण्याची होती, बयूमी पडण्याची नव्हती, असं फिक्रीने कायद्याच्या भाषेत मांडलं. हाजी म्हणाला की हा फालतूपणा आहे. फिक्री म्हणाला की कायदा असाच असतो. हाजी हरला, कारण त्याचा चहा फिक्रीच्या नावावर मांडलेला होता आणि उठून जाणं बरं दिसलं नसतं.

नगातने मात्र कायदा ऐकला नाही. सरकारी दवाखान्यात नसांच्या विभागात डॉ. रीहाम बसतात असं तिला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी ती बयूमीला भट्टीवरून तसाच घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तिशीच्या असतील. बयूमीने चप्पल काढून पाय पुढे केला, घोट्यापर्यंत.

"पायघोळ वर करा."

"दुखणं खाली आहे, बेटी."

"मला वर बघायचंय."

"माझ्या आईनेसुद्धा माझा गुडघा शेवटचा..."

"अबू सबरी," नगात म्हणाली, "तुझा गुडघा बघून कोणी तुझ्याशी लग्न करणार नाहीये. मीही त्यासाठी केलं नव्हतं." आणि तिने पायघोळ वर ओढली.

पट्टी दिसली. चार वेढ्यांची, काळी, मांसात रुतलेली.

"हे काय?"

"जोरासाठी," बयूमी म्हणाला.

डॉ. रीहामनी कात्री उचलली. मग त्यांनी पट्टी कापली आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या हाडावर बोटाने हलकेच टिचकी मारली. बयूमीच्या पायात, जिथे महिनोन् महिने काही नव्हतं, तिथे वीज चमकली. तो ओरडला. बाहेर रांगेतला एक रुग्ण घरी गेला.

"इथे, कातडीच्या अगदी खाली, पंजा उचलणारी नस हाडाला वळसा घालून जाते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिचा गळा दाबताय. रोज."

"मी तीस वर्षं बांधतोय! तेव्हा काही झालं नाही."

"बारीक झालात का अलीकडे?"

"दात काढले," नगात म्हणाली. "सहा महिने पातळ मसूरच खातोय."

"म्हणजे नसेवरची गादी गेली, आणि वर पट्टी जाड केली. आता गुडघ्याखाली काहीही बांधायचं नाही. उकिडवं बसायचं नाही. हे व्यायाम करायचे. नस परत येईल, हळूहळू येईल."

"आणि सायकल?"

"सायकलने काहीच केलेलं नाही. ती बिचारी निर्दोष आहे."

पण पट्टी नाही तर पायघोळ साखळीत. घोट्याशी बांधली तर जाड कापडाचा घोळ सुटून पुन्हा साखळीतच. एकदा प्रयोग झाला, साखळीने पसाभर कापड गिळलं. अर्धी चड्डी घालावी, असं फिक्रीने सुचवलं आणि शिव्या खाल्ल्या. शेवटी नगातने कात्री घेतली आणि बयूमीच्या सगळ्या विजारींची फक्त उजवी बाजू गुडघ्याशी कापली. दुसऱ्या सकाळी बयूमी गल्लीत आला तो एका पायाने हजयात्रेकरू आणि दुसऱ्या पायाने शाळकरी मुलगा. नडगी इतकी पांढरी होती की सज्जातल्या बायका आत गेल्या आणि चष्मे घेऊन बाहेर आल्या.

"बयूम्या, कापड पुरलं नाही, की शिंपी उपाशी होता?" फिक्रीने विचारलं. "ही एक बाजू इस्त्री करायचे मी अर्धेच घेईन."

बयूमीने सायकल पुढे काढली. मान वळवणं शक्यच नव्हतं. पण रोज रात्री तो खाटेवर बसून पंजा वर उचलायचा प्रयत्न करायचा आणि नगात त्याच्या पायाला अशा शिव्या घालायची की दुसऱ्या कुठल्याही अवयवाने लाजून काम सुरू केलं असतं. रजब संपून शाबान महिना अर्धा सरला तेव्हा अंगठा हलला. बाकीची बोटं विचार करत होती.

मग चंद्र दिसला.

पहिल्या इफ्तारच्या आधीची वेळ म्हणजे सगळं शहर एकाच वेळी घरी जायला निघतं आणि कोणीच पोचत नाही. हाजींचा भाचा आणि तीनचाकी निळे दिवे लावून चौकात अडकले होते. भाचा भोंगा वाजवत होता, बाकीचे त्याला उत्तर देत होते. आमच्या गल्लीच्या टोकाला फुकट इफ्तारच्या लांब टेबलांवर वाटसरू, रिक्षावाले, शिपाई बसले होते. पुढ्यात सूप, खजूर, भात, आणि रोट्यांची जागा रिकामी. रोजा सोडायची वेळ सांगणाऱ्या तोफेला थोडाच अवकाश होता. हाजी शिर्बीनी टेबलांपाशी उभा राहून कधी आकाशाकडे, कधी रस्त्याकडे बघत होता.

बयूमी आला. पांढरी नडगी आधी दिसली, मग बाकीचा. गाड्यांच्या फटींतून सायकल वाकडी-तिकडी काढत, वर जाळी दगडासारखी स्थिर. टेबलांपासून दहा-बारा पावलांवर तो अचानक थांबला. उजवा पाय जमिनीवर टेकला आणि उभाच राहिला.

"काय झालं?" हाजी ओरडला. "आण की!"

"चप्पल पडली," बयूमी म्हणाला.

"काय?"

"उजवी. आत्ता पडली. मला कळलं!" त्याच्या तोंडात दात नव्हते, पण हसू कानापर्यंत होतं. "रस्ता गरम आहे, हाजी! एक खडा पण आहे, टोकदार, हरामखोर!"

"अरे तोफ होईल! लोक उपाशी आहेत!"

"चप्पल दे. अनवाणी पाय रस्त्यावर भाजतोय." हे बोलताना तो इतका खूश होता की त्याला पुन्हा एकदा म्हणावंसं वाटलं. "भाजतोय बघ!"

डोक्यावर जाळी असलेल्या माणसाला वाकता येत नाही. फिक्री आपली इस्त्री सोडून आला होता, पण हात मागे बांधून उभा राहिला. टेबलांवरची सगळी माणसं हाजीकडे बघत होती. हाजीने चहूकडे पाहिलं, एक लांब शिवी गिळली, कारण अजून रोजा होता, आणि वाकला. गतिरोधकापाशी पडलेली चप्पल त्याने उचलली, गुडघा टेकला, आणि बयूमीच्या उजव्या पायात चढवली.

"हळू," बयूमी वरून म्हणाला. "गुदगुल्या होतायत."