दारापुढचा ट्रम्पेट
चिंचेनं पितळ घासताना त्या आंबट वासानं आर्णीतली आमची गल्ली आठवते. त्या वर्षी कापूस बुडाला होता, लग्नं पुढं ढकलली होती, म्हणून रिकामे बसलेले गल्लीतले तिन्ही बँड, मुसलमान, बंजारा, तेलंगी, गल्लीला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी एकत्र वाजवणार होते. माझा नवरा त्यांच्यातलाच, महिन्याभरापूर्वी वारलेला. त्याचा ट्रम्पेट मीच घासून बँडच्या मास्टरांना दिला आणि सकाळपासून दारात उभी राहिले. बँड वाजत आला आणि आमच्या दारापुढं एकदम थांबला. मास्टर हळूच म्हणाले, "भाभी, तुमच्या घरी दुःख हाये, इथं कसं वाजवावं?" मी होकारार्थी मान हलवली. सगळे चपला न वाजवता पुढं गेले. मग वळणापलीकडून माझ्या नवऱ्याचा ट्रम्पेट ऐकू आला. मला तो दारातच ऐकायचा होता, हे अजूनही मी कोणाला सांगितलेलं नाही.