काकवीसाठी बारा पिंपं

रिकामी पिंपं आणायला एवढा लांबचा प्रवास करणारा माणूस आमच्या घराण्यात माझ्याआधी झाला नव्हता, असं एसटी स्टँडवर पोचवायला आलेले माझे थोरले बंधू, दादा, म्हणाले. ते कौतुक होतं की काय, हे गाडी सुटेपर्यंत कळलं नाही.

त्याचं असं झालं. आमच्या सौभाग्यवती मंगलाबाई यांनी दोन वर्षांपासून काकवीचा (उसाच्या रसाचा गूळ होण्याआधीचा दाट पाक) धंदा मांडला होता. धंदा तिचा, हिशेबनीस आणि हमाल मी. त्या वर्षी आसवं-अरिष्टं (आयुर्वेदिक औषधं) करणाऱ्या नाशिकच्या एका कारखान्याने एकदम बारा पिंपं काकवी मागितली. एवढी मोठी मागणी पहिलीच. गुऱ्हाळ आठवड्याभरात थंडावणार आणि भरायला आमच्याकडे नुसते डबे. नवी पिंपं परवडत नव्हती. जुनी खानदेशात स्वस्त मिळतात, असं कुणीसं सांगितलं. तिच्या भिशीचे पैसे माझ्या आतल्या खिशात शिवून मंगलाने मला रवाना केलं.

गाडी हलताना दादांनी खिडकीतून शेवटचा उपदेश केला. "कशासाठी हवीत ते सांगू नकोस. खाण्याच्या वस्तूसाठी म्हटलंस की भाव दुप्पट. फिनेल म्हण." दादा आयुष्यात एकदाही दुकान चालवू शकले नव्हते, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

धुळ्यात उतरलो तर ऊन असं की स्टँडवरची कुत्रीसुद्धा बाकाखाली आपापली जागा धरून होती. आग्रा रोडच्या कडेला भंगाराची रांग आहे, तिथे एका आबांकडे लोखंडी बॅरल मिळाले. मी जाणकारासारखं झाकण काढलं, डोकं आत घालून हुंगलं, आणि माझा चष्मा तळाशी गेला. तळाशी चार बोटं काळं ऑइल होतं.

"चष्म्याचं वजन धरणार नाही," आबा शांतपणे म्हणाले. "घेऊन टाका बॅरल."

चष्मा तारेने काढून, रॉकेलने धुऊन दिला त्यांनी. मग म्हणाले, "तुम्हाला प्लास्टिकची पाहिजेत. जळगावला अक्काकडे जा. माल पाहून देते ती." ते 'पाहून' माझ्या कानावरून गेलं.

मुक्काम देवपुरात मावसभावाकडे केला. सकाळी पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठलं. चष्म्यावरचा तेलकट पडदा गेला नव्हता, त्यामुळे वाटेतल्या केळीच्या बागा मला किंचित तळलेल्या दिसल्या. जळगावात शिरताना डाळमिलची भाजकी धूळ नाकात बसली. रिक्षावाल्याला अक्का म्हणताच त्याने पुढचं विचारलं नाही.

अक्का म्हणजे पन्नाशीची, काष्टा घातलेली बाई. माहेर अमळनेरकडचं. आवारात निळी पिंपं ओळीने उभी होती. खाटेवर तिचे सासरे, नाना, सुपारी कातरत होते. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "भाऊ, यामा काय भरानं शे?" (यात काय भरायचं आहे?)

"फिनेल," मी म्हणालो. इतक्या सहज की मलाच अभिमान वाटला.

तिने पुढची रांग सोडून मला मागच्या शेडमध्ये नेलं. तिथलीही पिंपं निळी, चकचकीत, आणि भाव ऐकून माझ्या मनात दादांचा पुतळा उभा राहिला. बारा निवडली. आमच्या गावावरून नाशिककडे रिकामा परतणारा टेम्पोही तिनेच ठरवून दिला. चढवायला मीही हात लावला. बचतीच्या आनंदात माणूस हमालीही करतो.

ड्रायव्हर जेवायला बसला तेव्हा अक्का म्हणाली, "तुम्हीपण बसा." कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, शेवभाजी, मिरचीचा ठेचा. मी हात पुढे केला, तशी ती ताट मागे ओढून म्हणाली, "आधी कोपरापर्यंत धुवा. साबण दोनदा लावा. कपाशीवर मारायच्या औषधाची पिंपं ती."

मी धुतले. तीनदा.

"धुतल्यावर ती पिंपं... साफ होतात ना?" मी टॉवेलात तोंड घालून विचारलं.

"फिनेलला चालतात. फिनेल कोण पितंय?"

भाकरीचा तुकडा तोंडात फिरत राहिला. आमची काकवी आसवांत जाते, आसवं बाळंतिणी घेतात. तरी खरं सांगतो, त्या तुकड्याबरोबर मी एक विचार चघळत होतो: गरम पाणी, सोडा, चार दिवस ऊन. लाज वाचली असती. मग मला मंगला दिसली, चमच्यावर काकवी घेऊन पहिल्यांदा स्वतःच चाखणारी.

"अक्का," मी म्हणालो, "फिनेल नाही. काकवी."

नानांचा अडकित्ता थांबला. अक्काने माझ्याकडे नाही, टेम्पोकडे पाहिलं. "बठ्ठा पिंप खाले उतारा," ती म्हणाली. (सगळी पिंपं खाली उतरवा.) मग मला, "खोटं बोलानं ते घर जाईसन बोला. आठे नही." हे समजायला कंसाची गरज नाही.

"जेवू दे आधी त्याले," नाना म्हणाले. "खरं बोलताना भूक लागस."

जेवलो, आणि बाराही पिंपं मी एकट्याने उतरवली. पुढच्या रांगेतली पिंपं लिंबाच्या रसाची होती, भाव दुप्पट. भिशीच्या पैशांत सहाच बसली. घासाघीस करायला मी तोंड उघडलं नाही.

घरी मंगलाने पिंपं मोजली. "सहा?" मी अंगणातच सगळं सांगून टाकलं. ती शेजारणींचे हंडे मागायला निघाली. उरलेली काकवी हंड्यांत, पातेल्यांत, आमच्या अंघोळीच्या घंगाळात भरली. आठ दिवस मी नदीवर अंघोळ केली.

कारखान्याचा माणूस आला, तो ही भांड्यांची जत्रा पाहून दारातच थबकला. मग एका पिंपाचं झाकण काढून त्याने वास घेतला आणि विचारलं, "यात आधी काय होतं?"

मला हा प्रश्न कुणी आमच्या घरी येऊन विचारील, असं वाटलंच नव्हतं. मंगलाने माझ्याकडे पाहिलं.

"लिंबाचा रस," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि उरलेल्या काकवीसाठी आपली सहा पिंपं पाठवून दिली. त्याने मान डोलावली तेव्हा अक्काकडे तीनदा धुतलेले माझे हात आपोआप कोपरापर्यंत गार पडले होते, हे त्याला कशाला सांगा.