वर्सोव्याची बस

सुके बोंबील भाजल्याचा वास आला की मला लग्नाआधीची ती दुपारची अंधेरी-वर्सोवा बस आठवते. घरी न सांगता मी, ज्याच्याशी लग्न करायचं होतं, त्याच्या आईला भेटायला निघाले होते. शेजारी एक अनोळखी कोळीण रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली होती, तिच्या लुगड्याला तोच वास. एवढ्यात पुढच्या बाकावरून बाबांच्या ऑफिसातले काका वळले. "एकटी कुठे गं? चल उतर, घरी सोडतो." शाळेत इंग्रजी भाषणं घडाघडा म्हणणारी मी मांडीवरचं इंग्रजी पुस्तक उगाच चाळू लागले. कोळीणच फटकन म्हणाली, "आमच्या पोरांना इंग्रजी शिकवायला येते ती. तुमाला काय त्रास?" काका पुन्हा पुढे तोंड करून बसले. मी सुटले होते. पण तिच्या खोट्याआड लपून त्याच्या दारात जायची मलाच लाज वाटली. "नाही काका," मी म्हणाले, "मी लग्न ठरवायला चाललेय. मुलगा ख्रिस्ती आहे. बाबांना खुशाल सांगा." काका पुढच्याच स्टॉपवर उतरले. "एवढं चांगलं खोटं बोलले, वाया घालवलंस की गं बाय!" म्हणत कोळीण खदखदून हसली. घरी व्हायचा तो तमाशा झालाच. पण बसमध्ये सगळ्यांदेखत बोललेलं ते वाक्य मी अजून मागे घेतलेलं नाही.