भंगाराच्या ढिगामागचा सिग्नल

बाबा खुर्सीपार या कामगारवस्तीजवळ लोखंड ओतणाऱ्या एका लहान खाजगी फाउंड्रीत भंगार निवडायचे. ठेकेदाराकडची रोजी, ट्रक आला तर काम, नाहीतर घरी. आमच्या दोन खोल्यांत विकत घेतलेलं फार कमी होतं, बाकी सगळं भंगारातलं. खाटेचे पाय जुन्या पाइपचे, शेगडीची जाळी कुठल्याशा मशीनची, आणि दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक गोल, जड शिशाचं डबडं. त्यावर बसून आई तांदूळ निवडायची.

आमच्याकडे दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी इंजिनिअरिंगला गेले. तिसऱ्या वर्षी सरांनी एक चित्र दाखवलं. कारखान्यांत मोजमापासाठी किरणोत्सारी पदार्थ वापरतात, तो शिशाच्या डब्यात बंद असतो आणि कधीकधी चुकून भंगारात जातो. डब्यावर तीन पात्यांची खूण होती. आमच्या डबड्यावर तीच खूण होती, अर्धी खरवडलेली. त्या तासाला पुढचं मी काही ऐकलं नाही.

मी सांगताच सर किरणोत्सर्ग मोजणारा मीटर घेऊन घरी आले. आईबाबांना रस्त्यावर उभं केलं. काटा जेमतेम हलला. डबा रिकामा होता. सरांनी रीतसर कळवलं, सरकारी माणसं येऊन तो घेऊन गेली.

"झालं ना आता? जेव," आई म्हणाली.

मी ताट बाजूला सारलं. हा रिकामा होता. उद्या ट्रकमधून येईल तोही रिकामाच असेल, हे कोण सांगणार? आणि बाबा तर तो हातानंच उचलणार. ते घरी आले की मी त्यांच्या हातांकडे बघत बसायची.

"काय पाहून राहिली?"

"काही नाही."

"मंग पानी दे."

कॉलेजच्या प्रोजेक्टला मी हाच विषय घेतला. किरणोत्सर्ग ओळखणारे छोटे सेन्सर फाउंड्रीच्या भंगार यार्डभर लावायचे. प्रत्येकानं आपला आकडा बिनतारी शेजारच्याला द्यायचा, त्यानं पुढच्याला, असं करत गेटवरच्या भोंग्यापर्यंत. मालकाला विचारा म्हटलं तर बाबा चिडले.

"कामावरून काढतीन मले. तुले कावून पाहिजे हे?"

"तुमच्यासाठीच."

 तिसऱ्या दिवशी ते स्वतःच विचारून आले. मालकानं एक दिवस दिला होता. चाललं तर ठेवा, नाहीतर उचलून न्या.

कॉलेजच्या हॉलमध्ये सगळं नीट चाललं होतं, सकाळी यार्डात लावून पाहिलं तेव्हाही. दुपारी मालकासमोर सरांनी प्रयोगशाळेतला नाण्याएवढा सौम्य किरणोत्सारी सोर्स ढिगामागच्या सेन्सरला टेकवला. भोंगा गप्प. क्रेनवाला केबिनमधून वाकून बाबांना म्हणाला, "दादा, बिटिया का भोंपू सो गया क्या?" सगळे हसले. मालक घड्याळ बघत होता. मी वायरी तपासल्या, बॅटऱ्या तपासल्या. सगळं ठीक होतं, आणि त्यानंच माझं डोकं फिरत होतं.

बाबा तोवर हातवारे करून क्रेनला दिशा दाखवत होते. ते जवळ आले आणि ढिगामागच्या सेन्सरकडे बोट केलं.

"हा डबा कोनाशी बोलते?"

मी गेटजवळच्या खांबावरचा सेन्सर दाखवला.

"मधात ढीग हाये ना. इथून मी बी क्रेनवाल्याले दिसत नाही."

"पण सकाळी चाललं होतं."

"सकाळी ढीग तिकडं होता. रोज हालते तो. म्हणून मी बी रोज जागा बदलतो."

मी नकाशा बघून प्रत्येक सेन्सरचा शेजारी कायमचा ठरवून टाकला होता. यार्ड म्हणजे वर्गातले बाक नव्हेत, हे मला सुचलंच नाही. लॅपटॉप घेऊन ट्रक तोलायच्या काट्याच्या पायरीवर बसले आणि प्रोग्रॅम बदलला: शेजारी उत्तर देत नसेल तर दुसरा शोध. एक जादा सेन्सर क्रेनच्या केबिनला बांधला, कारण तिथून सगळं दिसतं. मालकाला "दस मिनट" म्हटलं, लागली चाळीस. बाहेर ट्रक खोळंबले होते.

सरांनी सोर्स पुन्हा टेकवला. भोंगा वाजला. क्रेन थांबली, माणसं गेटबाहेर निघाली. बाबा सगळ्यांत मागे, रमतगमत. मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडले.

"अवं, हे तर खोटं हाये ना?"

"खोटं असलं तरी पळायचं."

ते पळाले, जरा लाजत.

मालकानं सेन्सर काढायला लावले नाहीत. आज त्या यार्डात सात सेन्सर चालू आहेत, प्रत्येक ट्रक आधी तपासला जातो, आणि तोवर भंगाराला कोणी हात लावत नाही, बाबासुद्धा नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे, आणि ते जाळं मी उभं केलं आहे.