बटरशिवाय बर्गर

मेलबर्नला आलो तेव्हा आम्ही कॉलफिल्डमध्ये भाड्याने राहायचो. शेजारी एक वयस्कर ज्यू जोडपं होतं. आम्ही त्यांना काका-काकू म्हणू लागलो आणि त्यांनीही ते चालवून घेतलं. पुढे मुलीच्या शाळेसाठी आम्ही ग्लेन वेव्हर्लीला गेलो. इथल्या शाळांच्या हद्दी आपल्या लोकांना कुंडलीसारख्या पाठ असतात. शेजार सुटला, पण जाणंयेणं सुटलं नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या आणि काकांनी जेवण जवळजवळ सोडलंच. चहा आणि बिस्किटांवर दिवस काढायचे. सिडनीला असणाऱ्या त्यांच्या मुलीने शेवटी स्पष्ट सांगितलं, "वजन असंच उतरत राहिलं, तर बाबांना एज्ड केअरमध्ये ठेवावं लागेल." मरायचं ते याच घरात, हे काकांनीही तितकंच स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

काय खावंसं वाटतं, असं विचारलं तर ते एकच नाव घ्यायचे: काकूंच्या हातचं पास्ट्रामी सँडविच. मसाल्यात मुरवून धुरावलेलं बीफ, मोहरीची चटणी, आंबवलेला कोबी आणि राय ब्रेड, जुन्या ज्यू डेलीत, म्हणजे तयार खाण्याच्या दुकानात मिळायचं तसं. पण कवळीने ते मांस आता चावलं जात नव्हतं. म्हणून बायकोने बर्गरची युक्ती काढली. तेच मसाले खिम्यात घालायचे. मसाले तरी कुठले, धणे, मिरी, लसूण. आपलेच.

"बीफ मात्र माझ्या हातून होणार नाही, काका," ती म्हणाली.

"माझ्या आईच्या हातून डुक्कर झालं नसतं. चिकन कर. पण मांस आमच्या ज्यू खाटकाकडचं."

असा एक बर्गर मी शहरातल्या कॅफेत पाहिला होता. लाकडी फळीवर ठेवलेला, शेजारी कुणाच्या तरी आजीच्या वारशाबद्दल छापील मजकूर, आणि वर वितळलेलं चीज. काकांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मांसावर चीज? कोणाची आजी होती ती?" त्यांच्याकडे मांस आणि दुधाचे पदार्थ कधी एकत्र येत नाहीत. दोन्हींची भांडीसुद्धा वेगळी. माझ्या आईचं मटणाचं पातेलं जन्मभर गॅलरीत राहिलं, त्यामुळे मला फारसं समजवावं लागलं नाही.

रविवारी त्यांच्याच स्वयंपाकघरात घाट घातला. गॅस काकांनी पेटवला. "एवढं आमच्या हातून व्हावं लागतं. बाकी तुम्ही करा," म्हणाले आणि दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. बिडाच्या तव्यावर टिक्की पडली, धणे-मिरीचा वास सुटला. काकांनी मान वर केली. बायकोने पाव चिरला आणि पावभाजीच्या इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या फ्रीजमधून बटर काढून भला मोठा गोळा तव्यावर, टिक्कीला खेटून सोडला.

"अगं!" मी ओरडलो.

"काय अगं? पाव काय कोरडा भाजू?" ती म्हणाली, आणि मग तिचा हात तिथेच थांबला.

काका उठून आले. त्यांनी तव्याकडे पाहिलं, गॅस बंद केला आणि टिक्की स्वतः कचऱ्याच्या डब्यात टाकली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सॉरी काका. पाव म्हटलं की हात आपोआप तिकडेच जातो."

"तुमच्याकडे पाव बटरमध्ये भाजतात?"

"हो."

"आणि मग?"

"मग वरून अजून बटर."

काकांनी गंभीरपणे मान हलवली. "तुमच्यातल्या इतक्या लोकांना मांस कसं लागत नाही, ते आज कळलं." मग तवा उचलून त्यांनी बाजूला ठेवला. "याचं काय करायचं ते आमच्या धर्मगुरूंना, रब्बींना विचारतो. दुसरा पॅन खालच्या कप्प्यात आहे. चल मुली, मला भूक लागलीय."

हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून काकू गेल्यापासून ऐकलं नव्हतं. बायको डोळे न पुसताच खाली वाकली.

दुसरी टिक्की तेलावर झाली आणि पाव कोरडाच भाजला. काकांनी मोहरी लावली, कोबी रचला आणि सावकाश खायला लागले. अर्ध्यावर थांबले. आम्ही दोघं उगीचच ओटा पुसत होतो.

"तिच्यासारखं नाही झालं," ते म्हणाले. मग उरलेला अर्धाही खाल्ला.

खिमा बराच उरला होता. त्याचं काय करू, असं बायकोने विचारलं.

"दोन टिक्क्या करून ठेव. एक उद्या दुपारी, एक रात्री."

तिने तीन केल्या.