दिव्याचं ऊन
हिवाळ्याच्या तोंडावर इंग्लंडमधली घड्याळं तासभर मागे गेली की मी माळ्यावरून तो पांढरा दिवा काढते, आणि इथल्या रीडिंग शहरातला माझा पहिला हिवाळा आठवतो. सकाळी बाहेर मिट्ट काळोख, अंथरुणातून उठावंसंच वाटायचं नाही. उन्हाची उणीव भरून काढायला डॉक्टरांनी हा दिवा सुचवला होता. आईला यातलं काही कळू नये म्हणून तोच तोंडावर घेऊन मी पुण्याला व्हिडिओ कॉल करायचे. "बघ, कसलं छान ऊन पडलंय इकडे!" ती तिकडच्या भर दुपारी गच्चीवर जाऊन फोन आभाळाकडे धरायची. "हेही घे थोडं." ती दुखऱ्या गुडघ्यांनी रोज जिने चढत होती, हे पुढे वहिनीने सांगितलं. आजही दिवा लावताना ओशाळायला होतं. फोनमधून ऐकू येणारी तिची धाप मला तेव्हा गच्चीवरचा वारा वाटायची.